हजार किलोमीटर

फय्याज मिस्त्रीचे कायदे सरकारी कायद्यांपेक्षा कडक होते, कारण ते मोडणाऱ्याला शिक्षा जागच्या जागी व्हायची. वाशीमच्या बस स्टँडामागे पत्र्याच्या शेडमध्ये बसून तो फटफट्या दुरुस्त करायचा. नवा पिस्टन बसवलेली गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात देताना प्रत्येकाला तेच ऐकवायचा. हजार किलोमीटर होईपर्यंत गाडी चाळिसाच्या वर न्यायची नाही. चढावर रेटायची नाही. पेट्रोलात ऑइल जरा चढतं टाकायचं. आणि मागच्या सीटवर कोणाला बसवायचं नाही, सख्खा बाप असला तरी.

बापाचं तो आपला बोलायच्या ओघात बोलून जायचा. इंद्रभान मास्तरच्या बाबतीत मात्र ते नेमकं बापावरच येऊन पडलं.

इंद्रभान एकोणतीस वर्षांचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. गाव किन्हीराजापासून दोन कोस आत. शाळा गावापासून चौदा किलोमीटर, आणि मधल्या वाटेला रस्ता म्हणायचं तर रस्त्यालाच लाज वाटली असती. गाडीच्या चाकोऱ्या, दोन नाले, एक मुरमाचं टेकाड आणि बाकी सगळी काळी माती. सहा वर्षं तो ही वाट कधी पायी, कधी सायकल खांद्यावर घेऊन चालला. मग त्र्याहत्तर साली अकोल्याला कुठल्याशा खात्याच्या लिलावात त्यानं एक जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल घेतली. गावात तेव्हा उकंडराव पाटलाकडेसुद्धा दोन बैलजोड्या, माणसं न्यायची एक दमणी आणि एक म्हातारं घोडं एवढंच होतं. गावातली पहिली फटफटी आली ती बौद्धवाड्यात. गावानं तोंडदेखलं कौतुक केलं, पण घास काही घशाखाली उतरला नाही.

त्या गाडीचं दुखणं एकच होतं, पिस्टन. टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलातून मिळेल तेवढ्याच ऑइलवर जगावं लागतं, आणि थंड व्हायला अंगावर वारा लागतो. पावसाळ्यात चाक आणि मडगार्डाच्या मध्ये काळी माती थापली जायची, गाडी पहिल्या गियरमध्ये रडतखडत चालायची, वारा कुठला लागायला? इंजिन तापायचं, पिस्टन फुगायचा आणि सिलिंडरला आतून गच्च धरायचा. मागचं चाक जागीच थांबायचं आणि मास्तर हँडलवरून पुढं. दोन पावसाळ्यांत हे दोनदा झालं. दर वेळी बैलगाडीत घालून गाडी वाशीमला न्यायची, फय्याजनं सिलिंडर अकोल्याला पाठवून बोअर मारून आणायचा आणि पहिल्यापेक्षा एक नंबर जाड पिस्टन घालायचा. दर वेळी भोक थोडं मोठं, पिस्टन थोडा जाड. असं किती वेळा करता येतं ते मिस्त्रीला माहीत होतं. मास्तरनं कधी विचारलं नव्हतं.

इंद्रभानचा बाप ग्यानबा त्या गाडीवर अजून एकदाही बसला नव्हता. पहिल्या वर्षी तो म्हणाला, पोराला आधी चालवता येऊ दे. दुसऱ्या वर्षी गाडी दुखण्यातच होती. चौऱ्याहत्तरच्या दिवाळीनंतर नवा पिस्टन पडला तेव्हा मात्र म्हाताऱ्यानं स्वतःहून विषय काढला. त्याला वेशीपासून मधल्या गल्लीनं, पाटलाच्या ओट्यासमोरून, पोराच्या मागं बसून जायचं होतं. पायात वहाणा घालून.

ही मधली गल्ली म्हणजे साधी गल्ली नव्हती. ग्यानबाच्या तरुणपणी तिथून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. आणि गावात कोणी मेलं की त्याचा सांगावा परगावच्या सोयऱ्यांकडे पोचवणं हे त्याच्या घराचं काम होतं. ऊन असो, पूर असो, निघायचं. तिथं पोचल्यावर अंगणात उभं राहायचं, मेल्याचं नाव सांगायचं, आणि ते लोक रडून झाले की कोणीतरी सुपात जवारी आणून फडक्यात ओतायचं. कोणी बैस म्हणायचं नाही, पाणी दिलं तर वरून ओंजळीत ओतायचं. ग्यानबानं पहिला सांगावा बाराव्या वर्षी नेला होता, अनवाणी, सोळा कोस. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर त्यानं पाटलाच्या ओट्यासमोर उभं राहून सांगितलं होतं की आता ढोर ओढणार नाही आणि सांगावा नेणार नाही. त्याचं उत्तर गावानं दोन वर्षं दिलं. शेतातलं काम बंद, वाट बंद, दळण बंद. ग्यानबानं दोन वर्षं रस्त्याच्या कामावर गिट्टी फोडली, पण बोललेला शब्द गिळला नाही.

आता मधल्या गल्लीत वहाणा काढायला कोणी सांगत नव्हतं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. म्हाताऱ्याला तो पीळ पोराच्या फटफटीच्या चाकाखाली चिरडायचा होता, एवढंच.

“हजार होऊ दे,” तो इंद्रभानला म्हणाला. “मले काय घाई नाही. पन मी त्या गल्लीतून जाईन तं बसूनच जाईन.”

ग्यानबाला अक्षरं येत नव्हती, रेघा येत होत्या. बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या भिंतीवर तो कोळशानं रेघ ओढायचा, शंभर किलोमीटरला एक. शाळेतून आलेला इंद्रभान मीटर वाचून आकडा सांगायचा आणि शंभर भरले की म्हातारा उठायचा. इंद्रभानची आई भागिरथा दर आठवड्याला भिंत सारवायची, पण तेवढी जागा सोडून.

भिंतीवर सात रेघा झाल्या आणि पाटलाची आई गेली.

उकंडराव स्वतः बौद्धवाड्यात आला, हे जन्मात पहिल्यांदा. ग्यानबा मालेगावच्या बाजाराला गेला होता. पाटलाचे डोळे सुजले होते, ते खोटं नव्हतं. त्यानं इंद्रभानला गुरुजी म्हटलं, तुम्ही घरचेच म्हटलं. आसेगावला बहीण दिली आहे, तिला वेळेत कळलं तर आईचं तोंड पाहायला मिळेल, तार पोचायला संध्याकाळ होईल, असं सांगितलं. इंद्रभानला भरून आलं. शिकलेल्या माणसाचं हे एक वेड असतं, कोणी गोड हाक मारली की त्याला वाटतं जग बदललं. पाटलाचं घोडं आणि महाराला भूषण, अशी एक घाणेरडी म्हण गावात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. आता घोडं मास्तरचं होतं आणि त्यावर टाच पाटलाची. पण हे त्याला त्या घडीला सुचलं नाही. त्यानं किक मारली.

आसेगाव पंचेचाळीस किलोमीटर. तिथं जाऊन त्यानं निरोप सांगितला. बहिणीनं हंबरडा फोडला, पुरुषमाणसं मोटरीची वेळ विचारायला धावली, आणि इंद्रभान अंगणात उभा राहिला. कोणी बसा म्हणेल, तांब्याभर पाणी देईल, अशी त्याची वेडी अपेक्षा. थोड्या वेळानं त्या घरची म्हातारी सूप घेऊन बाहेर आली. सुपात जवारी होती. ती पायरीवर थांबली आणि म्हणाली, फडकं धर बापा. इंद्रभाननं मागं वळून पाहिलं, की ही कोणाशी बोलते आहे. मागं कोणी नव्हतं. तो म्हणाला, मी शिक्षक आहे.

“असशीन,” म्हातारी म्हणाली. “सांगावा घेऊन आला नं?”

तिच्या आवाजात विष नव्हतं, तेच वाईट होतं. विष असतं तर त्याला भांडता आलं असतं. सूप तिच्या हातात तसंच ठेवून तो निघाला, आणि मग त्याच्या डोक्यात जे पेटलं ते त्यानं गाडीवर काढलं. चाळिसाचा कायदा त्यानं आसेगावच्या शिवेतच मोडला. साठ, सत्तर, पुढं काटा दिसेनासा झाला. अर्ध्या वाटेत एका चढावर इंजिननं एक बारीक किंचाळी मारली, मागचं चाक थांबलं आणि मास्तर गाडीसकट बोरीच्या काट्यांत गेला.

ग्यानबाला सगळं कळलं ते बैलगाडीतून आलेली फटफटी पाहून आणि पोराच्या तोंडून. इंद्रभानला वाटलं होतं बाप चिडेल. म्हाताऱ्यानं एकच विचारलं, जवारी घेतली का? इंद्रभान नाही म्हणाला.

“तुले ठाऊक नव्हतं,” म्हातारा म्हणाला. “झालं. आता ठाऊक हाय.”

मग त्यानं शेणामातीचा पोचारा घेतला आणि भिंतीवरच्या सातही रेघा स्वतःच्या हातानं सारवून टाकल्या.

फय्याजनं सिलिंडर उघडून बोट आत फिरवलं तेव्हा त्याच्या बोटाला चरे लागले. त्यानं इंद्रभानचंही बोट धरून आत फिरवलं, म्हणजे गुन्हेगाराला गुन्हा दाखवावा तसं. अजून एक बोअर निघेल म्हणाला, पण तो शेवटचा.

“याच्यापुढं भोक वाढवाले लोखंडच नाही राह्यलं, मास्तर,” फय्याज म्हणाला. “हा पिस्टन सांभाळा. कोनी काई मनलं तं सांगा मिस्त्रीनं मना केलं. माया नावावर खपवा, मले काई फरक पडत नाही.”

फय्याजनं हे चांगल्या मनानं सांगितलं. पण उधारीच्या ढालीची सवय वाईट. माघापासून पुन्हा एकापासून रेघा सुरू झाल्या, आणि गावाची कामंही सुरू झाली. कामापुरता मामा करायला गावाला शिकवावं लागत नाही. कोणाचं औषध आणायचं, कोणाचा जावई किन्हीराजाच्या फाट्यावर सोडायचा, सरपंचाचा कागद तहसिलीत द्यायचा. इंद्रभान सरळ नाही म्हणायचा नाही. तो म्हणायचा, पिस्टन नवा आहे, मिस्त्रीनं मना केलंय. पहिल्यांदा ते खरं होतं. मग हळूहळू त्यात भर पडली. पिस्टन आवाज करतोय, रिंग गेलीय, आज गाडी सुरूच झाली नाही. लोक हसायचे आणि जायचे. पारावर कोणी कामचुकारपणा केला की पोरं म्हणायची, याचा पिस्टन धरला.

एकदा ग्यानबानं हे ऐकलं आणि घरी आल्यावर पोराला विचारलं, की खोटं काहून सांगतोस? जायचं नाही तर जात नाही म्हण. इंद्रभान म्हणाला, बा, भांडण कशाला, काम झालं म्हणजे झालं. ज्यानं दोन शब्दांसाठी दोन वर्षं गिट्टी फोडली त्याला हे शहाणपण नवीन होतं. पण पोरगा शिकलेला, त्याचे हिशेब वेगळे असतील, असं म्हणून त्यानं मनाची समजूत घातली.

खरं तर हिशेब काहीच नव्हता. पाटील इंद्रभानचं काही बिघडवू शकत नव्हता. नोकरी सरकारी, पगार सरकारी, बदली झाली असती तर तीही सरकारीच. तरीसुद्धा पाटील समोर उभा राहिला की मास्तरच्या जिभेवर नाही हा शब्द यायचाच नाही. भीतीला दर वेळी कारण लागत नाही, जुनी सवय पुरते. हे त्याला स्वतःबद्दल माहीत होतं आणि त्यासाठी तो स्वतःचा मनापासून तिरस्कार करायचा.

चैत लागला. भिंतीवर नऊ रेघा झाल्या. चौदा एप्रिलला जयंती, वाशीमला सभा होती, आणि मीटरच्या हिशेबानं तेरा तारखेला हजार भरत होते. ग्यानबानं चांभाराकडून नव्या वहाणा शिवून घेतल्या. त्या करकर वाजाव्यात म्हणून मुद्दाम सांगून आला. भागिरथा चिडवायची, की नवरदेव झाला म्हातारा. तो चिडायचा नाही. रोज वहाणांना तेल चोळून उन्हात ठेवायचा आणि उचलून घरात आणायचा.

अकरा तारखेला सकाळची शाळा करून इंद्रभान घरी आला. पिशवीत चौथीचे परीक्षेचे पेपर होते. गाडी नुकतीच स्टँडवर लावली होती, किल्लीसुद्धा काढली नव्हती, तेवढ्यात उकंडराव पाटील आला. बरोबर त्याचा सालदार दौलतसिंग आणि भावकीतले दोघं. पाटलाचा थोरला भाऊ पहाटे गेला होता. आसेगावच्या बहिणीला सांगायचं होतं.

ग्यानबा दारात बसून वहाणेला तेल लावत होता. त्यानं मान वर केली. उत्तर पोराला द्यायचं होतं, आणि आता पोराला सगळं ठाऊक होतं.

इंद्रभान म्हणाला, “पिस्टन धरला, पाटील. टेकाडापासून ढकलत आणली.”

दौलतसिंग पाटलाचा सालदार, पंधरा वर्षं त्याची जनावरं सांभाळलेला माणूस. बैल लंगडतो म्हटलं तर तो आधी खूर उचलून पाहायचा. त्याच सवयीनं तो गाडीजवळ गेला, सिलिंडरवर तळवा टेकवला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला. मग त्यानं किक मारली. एरवी ती गाडी मास्तरकडून दहा-दहा किका मारून घ्यायची. त्या दिवशी ती पहिल्याच किकेला सुरू झाली आणि गरम इंजिन छान, एका लयीत चालत राहिलं.

कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कोणी हसलं नाही. सगळे त्या इंजिनाचा आवाज ऐकत उभे राहिले.

ग्यानबा उठला. हातातली वहाण त्यानं खाली ठेवली आणि तो पाटलासमोर आला.

“पाटील, तुमचा भाऊ गेला, वाईट झालं,” तो म्हणाला. “पन माया पोरगा सांगावा नेत नाही. छप्पन सालापासून या घरातून सांगावा जात नाही. तार हाय, मोटर हाय, दौलतसिंग हाय.”

एकोणीस वर्षांपूर्वी बोलला होता तसाच तो बोलला, न ओरडता. पाटलानं त्याच्याशी वाद घातला नाही. पाटील हुशार होता. त्यानं इंद्रभानकडे पाहिलं आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, “गुरुजी, बा मनते तसं हाय का? का तुमचं पिस्टनचं खरं हाय?”

एवढंच म्हणायचं होतं, की बा म्हणतो तसंच. तीन शब्द. पण नाही म्हणायला माणसाच्या पायाखाली खरं असावं लागतं, आणि इंद्रभानच्या पायाखालचं खरं त्यानं स्वतःच दोन महिने उकरून काढलं होतं. गाडी चालू होती. खोटं उघडं पडलं होतं. पकडलेल्या माणसाला वाटतं, आता सांगतील ते मुकाट्यानं केलं म्हणजे झाकलं जाईल. बापाकडे पाहायची त्याची हिंमत झाली नाही.

“जातो,” तो म्हणाला, आणि पेपरांची पिशवी खांद्यावर तशीच ठेवून निघाला.

वाटेत त्यानं फय्याजचा एकही कायदा पाळला नाही. पण आता तो रागानं मोडत नव्हता, ठरवून मोडत होता. पिस्टननं धरावं, गाडी मध्येच मरावी, आणि मग हात झटकून म्हणता यावं की खरंच धरला, पाटील, माझा इलाज नव्हता. म्हणजे सकाळचं खोटं दुपारी का होईना खरं झालं असतं. त्यानं चढावर गाडी तिसऱ्या गियरमध्ये रेटली. उतारावर सत्तरनं सोडली. भर दुपारचं चैताचं ऊन, अंगाला लागणारा वारासुद्धा भट्टीतला. तो कान देऊन ती बारीक किंचाळी ऐकू येते का पाहत होता. पिस्टन मऊ, मोकळा चालत होता. फय्याजनं या वेळी जीव ओतून काम केलं होतं.

आसेगावला बहीण दारातच होती. फटफटीचा आवाज ऐकून ती आधीच रडायला लागली, कारण हा आवाज आला म्हणजे माहेरचं कोणी गेलं, एवढं त्या घराला कळायला लागलं होतं. इंद्रभाननं नाव सांगितलं. अंगणात उभा राहिला. त्याला निघून जाता आलं असतं, पण तो गेला नाही. थोड्या वेळानं तीच म्हातारी बाहेर आली. या वेळी तिनं सूप भरून दोन खेपा केल्या.

“मांगच्या बारी तुयी राहून गेली व्हती, बापा,” ती म्हणाली. “इहीनबाईचा जीव अटकला असन त्याच्यात, असं मले वाटे. आता दोनीबी घेऊन जाय.”

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मेलेल्या विहिणीचा जीव सुटावा म्हणून ती बिचारी काकुळतीला आली होती. असल्या म्हातारीला नाही कसं म्हणायचं, असं इंद्रभाननं स्वतःला विचारलं. पण हा प्रश्न खोटाच होता, कारण ज्याला पाटलाला नाही म्हणता आलं नाही त्याला आता कोणालाच म्हणता येणार नव्हतं. फडकं नव्हतं. त्यानं खांद्यावरची पिशवी काढून तिचं तोंड उघडं धरलं, आणि चौथीच्या पेपरांवर जवारी ओतली गेली.

भरलेली पिशवी खांद्याला पेलवेना. त्यानं ती मागच्या सीटवर सुतळीनं बांधली. नवा पिस्टन पडल्यापासून त्या सीटवर पहिल्यांदा काही बसलं ते हे. परतताना टेकाडाच्या अलीकडे त्यानं मीटरकडे पाहिलं. हजार होऊन गेले होते, नेमके कुठं ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

घरी पोचला तेव्हा उन्हं कलली होती. ग्यानबा दारातच बसला होता. इंद्रभान गाडीवरून उतरला. त्याला बोलायला जे सुचलं ते सगळ्यात वाईट होतं.

“बा, हजार भरले,” तो म्हणाला. “आता डबल सीट चालते.”

म्हातारा उठला. त्यानं मागच्या सीटवरची पिशवी बाहेरून चाचपली. बाराव्या वर्षापासून हाताला माहीत असलेली गोष्ट, उघडून पाहायची गरज नव्हती. तरी त्यानं सुतळी सोडली, पिशवी आत नेली, जवारी टोपल्यात ओतली, आणि पेपर एकेक करून बाहेर काढले. प्रत्येक पेपर झटकला, मांडीवर ठेवून तळव्यानं सरळ केला. वाचता येत नव्हतं, तरी कोणता कागद कोणत्या बाजूनं ठेवायचा हे तो नीट पाहत होता.

“लेकराइचे पेपर हायत,” तो म्हणाला. “असे खराब करू नाही.”

भागिरथानं दबकत विचारलं की या जवारीचं काय करायचं, पाखरांना टाकू का?

“पाखराइले कायले?” ग्यानबा म्हणाला. “निवड अन् दळून आन. पोराची कमाई हाय.”

ती भाकर इंद्रभाननं खाल्ली. बापासमोर बसून, मान खाली घालून, शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. ग्यानबानं आपल्यापुरतं जुनं पीठ बाजूला काढायला लावलं होतं. दहावी रेघ त्यानं ओढली नाही. नऊ रेघा तशाच राहिल्या आणि कोळसा कोनाड्यात पडून राहिला.

चौदा तारखेला सकाळी बौद्धवाड्यातले लोक वाशीमला निघाले. इंद्रभाननं गाडी पुसून वेशीशी उभी केली होती. मागची सीट त्यानं ओल्या फडक्यानं तीनदा पुसली होती. ग्यानबा पांढरं धोतर, नवं उपरणं आणि नव्या वहाणा घालून आला, गाडीजवळ क्षणभर थांबला. राहू दे, एवढंच म्हणाला, आणि पायी पुढं गेला. इंद्रभाननं गाडी तिथंच सोडली आणि तो लोकांच्या मागून चालू लागला.

मधल्या गल्लीत म्हाताऱ्याच्या वहाणा करकर वाजत होत्या. तो मान ताठ ठेवून, गल्लीच्या मधोमध चालत होता. पाटलाच्या ओट्यावर दुखवट्याला माणसं बसली होती. उकंडरावानं ग्यानबाला येताना पाहिलं आणि वरून हाक मारली. आवाज साधाच होता, सगळ्यांना ऐकू जाईल एवढा.

“काहून ग्यानबा, पायीच? गुरुजीची फटफटी कुठी गेली?”

ग्यानबा थांबला. ओट्यावर दौलतसिंग होता, ज्यानं तीन दिवसांपूर्वी ती एका किकेत सुरू केली होती. भावकीतले ते दोघंही होते. गाडी वेशीशी उभी असल्याचं ओट्यावरून दिसत होतं. मागं सगळा बौद्धवाडा होता आणि सगळ्यांच्या मागं इंद्रभान. छप्पन साली याच जागेवर उभं राहून या माणसानं गावाला खरं ते तोंडावर सांगितलं होतं आणि त्याची किंमत मोजली होती. त्यानं एकदा मागं वळून पोराकडे पाहिलं.

“पिस्टन गेला तिचा,” ग्यानबा म्हणाला, आणि पुढं चालू लागला.